साचेवाल्यांचा बंधारा

परळ, मुंबई
१२ ऑक्टोबर १९३३

ती. आक्का, नमस्कार.

हे पत्र मिळेल त्या दिवशी देवापुढे साखर ठेव. कालपासून मी विणाई खात्याचा मास्तर झालो. आधीचा साहेब विलायतेला परत गेला आणि त्याच्या जागी मिल चालवणाऱ्या एजंटांनी मला नेमलं. या मिलमध्ये आजवर त्या खुर्चीवर आपला माणूस बसला नव्हता, आणि आपल्या संगमेश्वर तालुक्यातला तर कुठल्याच मिलमध्ये नाही. बारा वर्षांपूर्वी टेक्निकल कॉलेजचा दाखला घेऊन मी इथे आलो तेव्हा मला साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा जोडतासुद्धा येत नव्हता. तो मला आंबेकोंडच्या शिवाने शिकवला. आज मी खात्यात शिरलो तेव्हा साचे चालू ठेवूनच सगळ्यांनी माना वर केल्या. शिवा तर हसतच होता.

दिवस मात्र वाईट आहेत. आसपासच्या किती मिलांचे भोंगे बंद झालेत ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. आमच्या गोदामात कापडाचे गठ्ठे छपराला टेकलेत, उचलायला गिऱ्हाईक नाही. म्हणून कामाची नवी व्यवस्था येणार आहे. दोन साचे चालवणाऱ्याने पुढे चार चालवायचे. ती बसवून देणं माझ्याकडे आहे. सुनेत्रा तुला नमस्कार सांगते. ती खूश आहे, फक्त मी कमी जेवतो अशी तिची तक्रार असते.

तुझा,
चारू

देवरूख
२८ ऑक्टोबर १९३३

चि. चारू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शाळेतच मिळालं. मुलींना सुट्टी दिली आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली. बाबा असते तर आज गावभर फिरून आले असते. ते नाहीत म्हणून मीच बाजारातून दोनदा हिंडून आले, काही घ्यायचं नसताना.

शिवाची बायको चिमा शनिवारी बाजाराला आली की माझ्या पडवीत टेकते. तिलाही साखर दिली. ती म्हणाली, "मास्तर आपल्यातलो झालो, आता ह्यांची काळजी नाय." मी हो म्हटलं. आंबेकोंडातून बारा जण तुझ्या मिलमध्ये आहेत, त्या बारा घरांची काळजी तिने एका वाक्यात तुझ्यावर टाकली.

इकडचं सांगायचं तर भात यंदा चांगलं पिकलं आणि त्याचाच उपयोग नाही. बंदरांवर रंगूनचा तांदूळ इतका स्वस्त उतरतो की आपलं भात कुणी विचारत नाही. लोक मीठ आणि रॉकेलसुद्धा हात आखडून घेतात. कापडवाल्याने दुकान अर्धं केलं. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर हा सगळा डोंगर उभा आहे, हे तुला मी काय सांगावं? शिवाकडे लक्ष असू दे. त्याला आता कमी ऐकू येतं, असं चिमा म्हणते.

तुझी,
आक्का

परळ, मुंबई
२ डिसेंबर १९३३

ती. आक्का,

पत्राला उशीर झाला. काम फार आहे. शिवा भेटला होता, बरा आहे. बाकीचेही बरे आहेत. थंडी इथे नावालाच आहे. तू लोकरीची शाल वापरत जा. सविस्तर पुढे लिहितो.

चारू

देवरूख
१४ डिसेंबर १९३३

चारू,

काल दुपारी शिवा माझ्या अंगणात उभा होता. त्याच्या मागे रामा, धोंडू, बाबल्या, आंबेकोंडचे सगळे बारा जण. संगमेश्वरपर्यंत लाँचने आले आणि तिथून चालत. तुझं २ तारखेचं पत्र तेव्हा माझ्या टेबलावर होतं. ते लिहिण्याच्या आदल्या दिवशी तू यांना कामावरून काढलं होतंस.

ते तक्रार करायला आले नव्हते. देवरूखवरून पुढे जायचं तर मला भेटून जावं, एवढंच. मीच खोदून विचारलं. साचेवाले सगळे मोठ्याने बोलतात, तुला माहीत आहे. खात्याच्या गोंगाटात आयुष्य गेलेलं. त्यामुळे शिवा जे बोलला ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. तो म्हणाला, "बाई, मास्तरांस बोल लावू नका. कागद वरून आलेलो. त्यांची सही तेवढी व्हती."

ज्यांच्या बायकांच्या हातावर मी साखर ठेवली, त्यांच्याच घरांवर तू सही केलीस. आणि मला लिहिलंस की शिवा बरा आहे. सही का केलीस हे मी अजून विचारत नाही. खोटं का लिहिलंस ते आधी सांग. आपल्या घरात ती रीत नव्हती.

आक्का

परळ, मुंबई
२७ डिसेंबर १९३३

ती. आक्का,

खोटं लिहिलं कारण तुझ्या नजरेतून उतरायचं धैर्य नव्हतं. याहून बरं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

आता सहीचं. चौसष्ट नावं मागितली होती. यादी वरून आली नव्हती. शिवा मला सांभाळून घेतो आहे. नावं मीच निवडली, आणि त्यातली निम्मी आपल्या बाजूची आहेत. इथे लोक म्हणतात की आपला-परका भेद करत नाही हे दाखवायला मी गाववाल्यांना काढलं. तसं नाही. घाटावरून आलेल्या कितीतरी जणांचं गावी काहीच उरलेलं नाही. आपल्या माणसांना निदान जमीन आहे, घर आहे, ती उपाशी राहणार नाहीत, असा मी विचार केला. तो विचार करताना मला मी फार न्यायी वाटलो होतो.

आणि हेही समजून घे. गोदामात कापड पडून आहे कारण शेतकरी ते घेत नाही. तो घेत नाही कारण त्याच्या कापसाला, भाताला भाव नाही. म्हणून आम्ही विणकर कमी करतो, आणि मग तो विणकरही कापड घेईनासा होतो. अशाने गोदाम रिकामं व्हायचं नाही हे मला कळतं. मॅनेजरलाही कळतं. पण एकट्या मिलने माणसं ठेवली तर तीच आधी बुडेल, अशी प्रत्येकीला भीती. सगळेच आपापला जीव वाचवतात आणि सगळेच थोडे थोडे बुडतात. यात एका मास्तरने काय करावं?

मला क्षमा कर.

चारू

देवरूख
९ जानेवारी १९३४

चि. चारू,

खरं लिहिलंस, बरं वाटलं. क्षमा मागू नकोस. माझ्याकडे तुझ्यासाठी दुसरं काम आहे.

आधी तुझी चूक सांगते. तू आंबेकोंडची जमीन आपल्या बागेसारखी धरलीस. मी परवा तिथे जाऊन आले. कातळाच्या कडेला पायऱ्यांसारखे वाफे आहेत, त्यात चार महिन्यांचं भात होतं. उरलेले आठ महिने ती घरं तुझ्या मिलवर जेवत होती. तू त्यांना जमिनीकडे पाठवलंस, पण जमिनीनेच त्यांना मुंबईला पाठवलं होतं.

आता काम. वाडीखालून एक पऱ्या, लहानसा ओढा, जातो. त्याला माघापर्यंत पाणी असतं. त्यावर दर वर्षी लोक माती आणि झाडाच्या डहाळ्या घालून बांध घालतात. चार जण त्यावर वायंगणाचं, म्हणजे दुसरं, भात काढतात आणि पुढच्या पावसात बांध वाहून जातो. मी तिथे गेले तेव्हा शिवा पऱ्यात उतरून उभा होता. मला म्हणाला, दगड-चुन्याचा पक्का बंधारा घातला तर पाणी पार खालच्या शेतांपर्यंत जाईल, बाराच्या बारा घरांना दुसरं पीक होईल. आजवर का घातला नाही, मी विचारलं. तो म्हणाला, "हात सगळे मुंबईत व्हते, बाई." आता हात इथे आहेत, रिकामे आहेत. जांभा दगड पायाखाली आहे. कमी होता तो चुना, आणि काम चालेल तोवर माणसांच्या पोटाला तांदूळ.

ते मी पाहिलं. सध्या भात स्वस्त, कापड स्वस्त, माणूस स्वस्त. महाग झालंय ते एकटं सोनं. मुंबईहून बोटी भरभरून ते विलायतेला चाललंय, असं वर्तमानपत्रात वाचते. मी आईच्या पाटल्या आणि माझे गोठ विकले. हे गेल्यापासून वीस वर्षं पेटीत होते, माझ्या हातात काही ते पुन्हा यायचे नव्हते. चुन्यापुरते पैसे ठेवून त्या सोन्याचा मी रंगूनचा तांदूळ घेतला. ज्याने आपल्या भाताचा भाव पाडला तोच आता बंधारा बांधील.

बंधारा पऱ्याच्या पात्रात एकवीस हात लांब, पाणी अडवायचं सात फूट. पाया किती रुंद लागेल, हे इथे कुणाला सांगता येत नाही. तू शिकलेला आहेस. क्षमा राहू दे, माप पाठव.

आक्का

परळ, मुंबई
२० जानेवारी १९३४

ती. आक्का,

सोबत नकाशा आहे. माझा कॉलेजातला सोबती भास्कर इथे बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहे, त्याच्याकडून तपासून घेतला. तळाशी पाच फूट, माथ्याशी दोन. मधला भाग दीड फूट खाली ठेवा, म्हणजे पुराचं पाणी तिथूनच जाईल आणि काठ खाणार नाही. तळाला हातभर रुंदीची मोरी हवीच. पावसाळ्यात ती उघडी राहील आणि गाळ वाहून जाईल. पाऊस सरला की फळ्या घालून बंद करायची. खाडीकडचा शिंपल्यांचा चुना वापरा, पण तो पुरता मळल्याशिवाय लावू देऊ नकोस.

पाटल्यांचं वाचलं. मला आधी विचारायला हवं होतंस, असं लिहिणार होतो. पण विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि ते चूक झालं असतं.

एजंट दुसरी यादी मागतायत. आणखी चाळीस.

चारू

देवरूख
६ मार्च १९३४

चि. चारू,

तुझ्या नकाशाप्रमाणे पाया कातळाला भिडला. काम बघायला तू हवा होतास. मी शनिवार-रविवार जाते. साचेवाल्यांचे हात आधी सोलून निघाले, आता घट्ट झालेत. धोंडू चिरे काढतो, रामा ते बसवतो. चिमा आणि वाडीतली तुळसा चुन्याची घमेली वाहतात. शिवाने मिलसारखी पाळी लावून दिली आहे. उन्हं समोरच्या माडाला लागली की काम सुरू, आणि उशिरा येणाऱ्याचा तो खाडा धरतो. बाबल्याची छाती कापसाने भरलेली, त्याला चढ चढवत नाही. तो बसून चिरे घडतो, आणि त्याच्याइतकी सरळ कड कुणाची येत नाही. देवरूखातले चार शहाणे आधी हसले. मास्तरीणबाई पाण्यात पैसे टाकते, म्हणाले. आता तेच मुलांना घेऊन बघायला येतात.

पण डाव्या काठाला कातळ लागत नाही. चार फूट खणलं तरी माती. पाणी भिंतीच्या कडेने फुटून जाईल, असं शिवा म्हणतो. काय करायचं ते उलट टपालाने कळव.

आणि दुसऱ्या यादीचं काय केलंस, तेही.

आक्का

देवरूख
३ एप्रिल १९३४

चारू,

महिना झाला, उत्तर नाही. तू लिहीत नाहीस तेव्हा काय झालेलं असतं ते मला आता माहीत आहे. केली असशील सही, तर असू दे. पण डाव्या काठाचं तेवढं सांग. इथे बारा माणसं उजव्या बाजूचं काम संपवून बसली आहेत आणि पाऊस दोन महिन्यांवर आला. यादी तुझी असेल, बंधारा त्यांचा आहे.

आक्का

दादर, मुंबई
११ एप्रिल १९३४

ती. आक्का,

तुझी दोन्ही पत्रं मिलच्या पत्त्यावर पडून होती, काल शिपाई घरी घेऊन आला. मी आता तिथे नाही. बिऱ्हाडही दादरला छोट्या खोलीत हलवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यादी पुढे आली. मी मॅनेजरला म्हणालो, "चाळिसात पहिलं नाव माझं घाला, मग सही करतो." त्याला थट्टा वाटली. मी नाव लिहून दिलं. त्याने खाली सही मागितली नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने संध्याकाळपर्यंत उरलेली एकोणचाळीस नावं भरून दिली आणि आज तो मास्तर आहे. म्हणजे माझ्या नकाराने एकही माणूस वाचला नाही, हे तुला आधीच सांगून ठेवतो. तू मला मोठेपणा देशील म्हणून.

सुनेत्राला त्याच दुपारी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, आक्कांना कळवलं का. मी नाही म्हटलं. आधी दुसरी नोकरी मिळवावी आणि मग लिहावं, असं ठरवलं होतं. पाच आठवडे मिलांच्या दारांवर हिंडलो. फाटकापाशी बदली कामगारांची रांग असते, तिच्यापासून चार हातांवर मी दाखला घेऊन उभा राहत असे. पहिले काही दिवस ते चार हात मी राखले. नंतर नाही राखले.

डाव्या काठाला भिंत थांबवू नका. ती मातीत दहा फूट आत शिरवा आणि दोन्ही अंगांना चिकणमाती चोपून भरा. पण हे पत्रातून नीट सांगता येत नाही. तिथे आणखी एका माणसाला काम आहे का? तांदळावर येईन.

चारू

देवरूख
१७ एप्रिल १९३४

चि. चारू,

लगेच ये. सुनेत्रालाही आण, माझ्याकडे राहील. चढाच्या वाटेला वहाणा जाड घाल.

तुझं पत्र मी शिवाला वाचून दाखवलं. एकदा ऐकून तो उठायला लागला, मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्याने वाचू लागले तर म्हणाला, "समजलां, बाई. मास्तरांस सांगा, पाळी उन्हं माडाला लागली की सुरू होते."

मोठेपणा देऊ नको म्हणतोस. देत नाही. पण मास्तर झालास तेव्हा मी बाजारातून दोनदा हिंडले होते. आज शाळेतून घरी येताना मुद्दाम लांबच्या वाटेने आले, आणि भेटेल त्याला सांगितलं की माझ्या भावाने नोकरी सोडली.

आक्का

देवरूख
२२ जुलै १९३४

चि. चारू,

डाव्या काठाचं काम पुरं करून तू आणि सुनेत्रा शेवटच्या बोटीने गेलात त्याला दोन महिने झाले. ठाण्याकडच्या विणकाम शाळेत लागलास हे वाचून समाधान वाटलं. पगार कमी असू दे. शिकवणं आपल्या घराला पचतं.

मागच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. आंबेकोंडच्या वाटेवरचे दोन लाकडी साकव वाहून गेले. चौथ्या दिवशी शिवा कंबरभर पाण्यातून देवरूखला आला, मला सांगायला. पाणी माथ्यावरून गेलं, मधल्या खालच्या भागातून, तू आखलंस तसंच. डाव्या काठाची मूठभर मातीसुद्धा हलली नाही. रात्रंदिवस बाराही जण आळीपाळीने काठावर उभे होते. भिंत फुटायला लागली असती तर हे करणार तरी काय होते, मी विचारलं. तो म्हणाला, करायचं काही नव्हतं, पण घरात बसवेना.

आक्का

देवरूख
१७ फेब्रुवारी १९३५

चि. चारू,

कार्तिकात मोरीच्या फळ्या बसवल्या आणि आठ दिवसांत पाणी पाटाला लागलं. वायंगणाची लावणी पौषात झाली. बाराही घरांच्या शेतांत. या दिवसांत सगळा डोंगर पिवळा पडलेला असतो आणि त्याच्या पायथ्याशी ही एक हिरवी पट्टी. चिमाने बांधावर वाल आणि मुळा लावला आहे. शनिवारी बाजारात तिची टोपली दहा वाजायच्या आत रिकामी होते. कापडवाल्याने दुकानाची दुसरी फळी पुन्हा उघडली. तिथे पहिलं लुगडं तुळसाने घेतलं.

आता मुख्य गोष्ट. परवा तुझ्या जुन्या मिलचा माणसं भरणारा जॉबर आंबेकोंडला आला. म्हणे माल उठायला लागला, दुसरी पाळी सुरू करायची आहे, जुने हात हवेत. मी तिथेच होते. शिवा चिखलात उभा. जॉबर बांधावरून म्हणाला की आठवड्याच्या आत निघायला हवं. शिवाला ऐकू गेलं नाही. जॉबरला तेच तीनदा, दर वेळी वरच्या पट्टीत सांगावं लागलं, तोवर सगळी शेतं कामं टाकून ऐकत होती.

शिवा म्हणाला, "भात पोटरीला आलंय. कापल्याबिगर मी हलायचो नाय."

जॉबर म्हणाला, मिल कुणासाठी थांबत नाही. शिवाने एवढंच सांगितलं, "नको थांबूदे." आणि तो पाटाकडे वळला. रामा आणि आणखी दोघे गेले, त्यांच्या घरी लग्नं आहेत, कुणी त्यांना अडवलं नाही. उरलेल्यांनी कापणीनंतर बघू म्हणून सांगितलं. यांच्या बापांनी, आज्यांनी बोलावणं आलं की हातातलं टाकून मुंबई गाठली. त्यांच्यापैकी कुणाला "नंतर बघू" म्हणायची ऐपत नव्हती.

तुझी,
आक्का

ठाणे
२६ फेब्रुवारी १९३५

ती. आक्का,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. मुलं विणकरांचीच आहेत, त्यांना जॉबर माहीत आहेत. ऐकून झाल्यावर एकाने विचारलं की ही माणसं आधी मिलमधून सुटली कशी. मी सांगितलं की त्यांना मी काढलं. सगळं सांगितलं, नावंनिशी. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

पाटल्यांबद्दलही सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं येतो. भास्करही येतो म्हणतो, त्याला काम डोळ्यांनी पाहायचं आहे. वरच्या कोंडातल्या लोकांनी शिवाकडे तशाच बंधाऱ्याची विचारणा केली आहे असं चिमाने सुनेत्राला निरोप पाठवून कळवलं. तिथे पऱ्या अरुंद आहे आणि दोन्ही काठांना कातळ आहे, म्हणजे काम सोपं. मी येण्याआधी शिवाला लांबी हातांनी मोजून ठेवायला सांग. या वेळी नकाशा तिथेच, त्याच्यासमोर बसून काढू.

तुझा,
चारू